व्हिटॅमिन डी२ आणि डी३ यांत फरक काय? शाकाहारी माणसाला डी३ चालतं का?

चालतं. आमच्या सासूबाईंना ते चालायला वर्ष लागलं आणि मधल्या मध्ये एक मनगट मोडलं, म्हणून लिहायला बसले.

चार वर्षांपूर्वी त्यांना जमिनीवरून उठताना आधी गुडघा, मग भिंत धरावी लागायला लागली. मांड्या भरून यायच्या. सगळे म्हणाले, वय झालं. रक्त तपासलं तर डी आठ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर). वीसच्या खाली म्हणजे कमतरता, इथे आठ! डॉक्टरांनी डी३ची ६०,००० युनिटची पुडी दिली, आठवड्यातून एक, दुधातून, आठ आठवडे.

दोन पुड्या झाल्या आणि पुण्याहून धाकट्या भाऊजींचा फोन. "वहिनी, डी३ मेंढीपासून काढतात. आईला काय पाजताय?" झालं, पुडी बंद. त्याऐवजी भाऊजींचा उपाय सुरू झाला, सकाळी साडेसहाचं कोवळं ऊन. सासूबाई गॅलरीत बसायच्या, अंगभर लुगडं, वर शाल, आणि गॅलरीला काच. काचेतून ऊब येते, डी तयार करणारे किरण येत नाहीत. कोवळ्या उन्हात ते मुळातच नावापुरते. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं, म्हणजे साधारण अकरा ते दोनचं. हे मी तेव्हाच बोलले होते. "आपल्या पिढ्या कोवळ्या उन्हावर वाढल्या" असं उत्तर मिळालं. अहो, पिढ्या भर दुपारी शेतात राबल्या! आमच्या नाशकातच हचिसन आणि शहा यांनी मुडदुसाचा, म्हणजे डी कमी पडून हाडं मऊ होण्याच्या आजाराचा, अभ्यास केला होता, १९२२ साली छापून आलाय. आजार सापडला तो खात्यापित्या घरांतल्या, पडद्यात राहणाऱ्या बायका-मुलांत. उन्हात काम करणाऱ्या गरिबांत नाही.

आठ महिन्यांनी बाथरूममध्ये पाय घसरला. मनगटाला प्लास्टर. डी नऊ.

प्लास्टरमुळे त्यांना सोवळं नेसता येईना, मी नेसवत होते. हातात ती जुनी धाबळी, खरखरीत, जरा ओलसर झाली की मेंढरासारखा वास येणारी. मी विचारलं, "आई, ही सोवळ्यात कशी चालते?"

"लोकर आहे. लोकरीला विटाळ नाही."

"मेंढी मारून काढतात?"

"कातरतात."

"मग त्याच लोकरीतला तेलकटपणा धुऊन घेतात, त्यातून एक पदार्थ वेगळा काढतात, त्याच्यावर अतिनील किरण सोडले की डी३ होतं. तुमच्या पुडीत तेच आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. नैवेद्य दाखवून झाल्यावर म्हणाल्या, "दूध तापव. पुडी आण."

आता तुमचा प्रश्न. डी२ बुरशी, यीस्ट, मशरूममध्ये तयार होतं. डी३ आपल्या कातडीत, शिवाय बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांत. पुढे दोन्ही यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून कामाला लागतात, पण रक्तातली पातळी वाढवायला आणि टिकवायला डी३ सरस. (डी१ शोधू नका. ते मिश्रण निघालं म्हणून नाव रद्द झालं.) एका अंड्यात चाळीसेक युनिट, रोजची गरज ६००, तेव्हा जेवणातून भागवायचा हट्ट सोडा. बाजारातली मशरूम अंधारात वाढवतात, त्यांत डी फारसं नसतं. चिरून भर दुपारी उन्हात ठेवली तर त्यांत डी२ तयार होतं. मी ठेवते, पण त्यावर विसंबत नाही. लोकरसुद्धा नको असेल तर लायकेनपासून काढलेलं डी३ मिळतं, महाग पडतं. लायकेन म्हणजे आपल्या दगडफुलाचीच जात, पण म्हणून मसाल्यात मूठभर दगडफूल घालून काही होणार नाही. शाकाहाऱ्याने अडायचंच असेल तर कॅप्सूलच्या कवचाशी अडावं. ते बहुधा जिलेटीनचं असतं, म्हणजे हाडा-कातड्याचं. पुडीला ते कवच नसतं.

मी डॉक्टर नाही हे आधी लिहायला हवं होतं. मूतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि आठवड्याची पुडी आठवड्यालाच. आमच्या शेजारच्या काकूंनी तीन आठवडे रोज घेतली. कॅल्शियम चढलं, उलट्या, शेवटी सलाइन.

भाऊजी, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. आईंचा मार्चचा रिपोर्ट चौतीस आलाय.