टायफून, तुफान आणि तायफा

विचारणा अशी आहे: 'टायफून' मराठीत कोणत्या लिंगी वापरावे, आणि ते चक्रीवादळाहून मोठे असते का?

लिंग नपुंसक. वादळ आले, तुफान आले, तसेच टायफून आले. दुसऱ्या प्रश्नाने मात्र डोके उठते, कारण फिलिपिन्स-जपानची बातमी आली की 'चक्रीवादळापेक्षा भयंकर टायफून' कानावर आदळतेच. अहो, टायफून हे चक्रीवादळच! उत्तर प्रशांत महासागरात १८० रेखांशाच्या पश्चिमेला वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११८ किमीपर्यंत पोचला की टायफून म्हणायचे, पूर्वेला त्यालाच हरिकेन. १९९४ साली जॉन हे हरिकेन ती रेषा ओलांडून टायफून झाले आणि मागे फिरल्यावर पुन्हा हरिकेन. जपानी लोक तर 'ताइफू' हा शब्द ताशी ६२ किमीपासूनच लावतात. रायगडला झोडपणारे २०२० चे 'निसर्ग' तिकडे उठले असते, तर जपानी बातम्यांत ते ताइफू ठरले असते आणि ११८ चीच अट पाळणाऱ्या टोकियोच्याच इंग्रजी पत्रकात टायफून ठरले नसते.

आता शब्दाकडे वळू. चिनीच्या कँटन बोलीतले 'ताय फूंग', म्हणजे मोठा वारा, हे उत्तर सगळ्यांना पाठ असते. मला ते मुळीच पटत नाही. जुन्या चिनी ग्रंथांत या वादळाचे नाव 'ज्यूफंग' आहे. पाचव्या शतकातल्या एका ग्रंथात त्याचा अर्थ 'चारी दिशांचा वारा' असा दिला आहे. ताइफू जपानी हवामानशास्त्रात रुळवला ओकादा ताकेमात्सू यांनी, तोही मेइजी काळाच्या अखेरीस, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी. त्याआधी जपान्यांकडे 'नोवाकी' हा सुंदर शब्द होता, रानातले गवत दुभंगणारा वारा. उलट चेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी सोळाव्या शतकातच बंगालच्या एका जहाजावर चढल्याचे सांगताना ते 'तुफानाचे वर्ष' होते असे लिहितो. बंगालचे जहाज! तिथे कँटनची बोली कुठून येणार? पोर्तुगीजांचा अनुनासिक 'तुफांव'सुद्धा तुफानच.

हे तुफान अरबी. कुराणात नूहच्या (बायबलातल्या नोहाच्या) महापुराला हाच शब्द आहे. धातू त-व-फ, अर्थ भोवती फिरणे. काबाची प्रदक्षिणा म्हणजे तवाफ, ती याच धातूची. आणि आपला 'तायफा'ही! कलावंतिणींचा ताफा या अर्थाने आपण वापरतो तो तायफा अरबी 'ताइफा'वरून आलेला, मूळ तेच त-व-फ. तुफान आणि तायफा एका घरचे, हे किती जणांना ठाऊक असते?

सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातल्या, भाषांचे काही पंडित तुफान त्याच कुळातल्या जुन्या आरमाइक भाषेतल्या 'पूर' या अर्थाच्या शब्दावरून काढतात आणि प्रदक्षिणेचा संबंध नंतर जुळवलेला मानतात. नूहच्या पुरापुरते ते मान्य करू. पण समुद्रावरच्या माणसाला वारा भोवती फिरताना दिसतो. त्याने या शब्दात पूर ऐकला असेल हे मी मानणार नाही. जे टायफून थेट ग्रीक राक्षस टायफॉनपाशी नेऊन थांबतात, त्यांनी तर आधी फेदेरिची वाचावा. वादळांचा अभ्यासक हेन्री पिडिंग्टनने कलकत्त्यात बसून 'सायक्लोन' हा शब्द ग्रीकमधून, सापाच्या वेटोळ्यावरून घडवला आणि १८४८ च्या आपल्या नाविकांच्या पुस्तकात छापला. त्याच बंदरातल्या खलाशांच्या तोंडी तुफान केव्हाचे होते.