‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेतला ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ हा दोन भागांचा एपिसोड एवढा का गाजला?

याचे बरेचसे श्रेय पहिल्या भागाच्या शेवटाला जाते. १८ जून १९९० रोजी अमेरिकेत प्रसारित झालेल्या या भागात बोर्ग हे अर्धे सजीव, अर्धे यंत्र असलेले शत्रू ‘एंटरप्राइज’ या अंतराळयानाचा कॅप्टन पिकार्ड याला पळवून नेतात, त्याला आपल्यातलाच एक करून ‘लोक्युटस’ हे नाव देतात आणि तो पडद्यावरून प्रतिकार व्यर्थ असल्याचे बजावत असतानाच त्याचा दुय्यम अधिकारी रायकर आपलाच कप्तान असलेल्या बोर्गांच्या जहाजावर मारा करण्याचा हुकूम सोडतो. पुढचा भाग थेट २४ सप्टेंबरला आला. खुद्द लेखक मायकेल पिलर यांनाही पहिला भाग लिहिताना सुटका कशी होणार हे ठाऊक नव्हते. दुसऱ्या भागातली, लोक्युटसमार्फत बोर्गना झोपेची आज्ञा देण्याची डेटा या यंत्रमानव अधिकाऱ्याची युक्ती त्यामुळेच, माझ्या मते, थोडी घाईची वाटते.