शेरखान वाघ, मग 'शेर' म्हणजे सिंह कसा?

प्रश्न असा आलाय : "लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' बघायचो. परवा लेकीला त्यावरचा २०१६चा चित्रपट हिंदीतून दाखवला. दहा मिनिटांत तिनं विचारलं, 'बाबा, शेर म्हणजे सिंह ना? मग शेरखान वाघ कसा?' मला उत्तर देता आलं नाही."

आधी एक बारीक दुरुस्ती. आपण बघायचो ती मालिका जपानी, १९८९-९०ची. हा चित्रपट डिस्नेनं आपल्याच १९६७च्या चित्रपटावरून नव्यानं केलेला. पण हिंदीत दोन्हीकडे शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचाच, त्यामुळे आपल्या पिढीची गल्लत क्षम्य आहे. तो आवाज आला की मी अजूनही पाय वर घेऊन बसतो.

आता शेर. लेकीचं बरोबर आहे. फारसीत या शब्दाचा अर्थ सिंहच. वाघाला तिथं 'बब्र' म्हणतात. हा शब्द इकडे आला आणि हिंदी-उर्दूत वाघालाही लागला. जंगलात गाठ पडायची ती बहुतेक वाघाशीच, सिंह मोजक्या मुलखात. त्यामुळे असं होणं नवल नाही. शेरशाह सूरीचं मूळ नाव फरीद. वाघ मारल्याबद्दल त्याला 'शेरखान' हा किताब मिळाला, असं सांगतात. म्हणजे 'जंगल बुक' लिहिणाऱ्या किपलिंगच्या कितीतरी आधी एक शेरखान होऊन गेला, आणि त्याच्याही नावात वाघच होता! पुढे खास सिंहच म्हणायचा असेल तर हिंदीत 'बबर शेर' म्हणू लागले. तिकडे बब्र म्हणजे वाघ, इकडे बबर शेर म्हणजे सिंह. यावर डोकं धरून बसण्यापलीकडे काही करता येत नाही.

मराठीत वाघ आणि सिंह यांची अशी सरमिसळ नाही. आपला घोळ दुसरीकडे, वाघ आणि बिबट्यात. पट्टेरी वाघ, ढाण्या वाघ आणि बिबळ्या वाघ, सगळे वाघच. जुन्नर-अकोल्याकडे उसात बिबट्या दिसला तरी गावकरी "वाघ आला" म्हणतात, आणि वाघोबाच्या ठाण्याला नमस्कार करताना पट्टे की ठिपके हे कुणी विचारत नाही. 'बिबट्या' हा नेमका शब्द वापरायचा आग्रह वर्तमानपत्रांचा आणि वनखात्याचा.

गंमत म्हणजे हिंदीतही आतून हेच आहे. संस्कृत 'व्याघ्र'पासून आपला वाघ, त्यांचा बाघ. आणि त्या बाघाच्याच कुळातला 'बघेरा', म्हणजे बिबट्या. किपलिंगचा बघीरा तो हाच, फक्त काळा. (काळा बिबट्या ही निराळी जात नव्हे, कातडीत काळा रंग जास्त, एवढंच. उन्हात नीट पाहिलं तर ठिपके दिसतात.) म्हणजे मोगलीच्या मित्राच्या नावात वाघ लपलाय आणि शत्रूच्या नावात सिंह. लहानपणी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी बघीरा म्हणजे झाडावर बसून नुसता बघत राहणारा.

आणि 'मोगली'चा अर्थ विचाराल तर व्यर्थ. गोष्टीत त्याला बेडूक म्हटलंय, पण हे नाव आपण बनवलं आणि आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याच भाषेत त्याचा अर्थ बेडूक होत नाही, असं किपलिंगनंच लिहून ठेवलंय. उच्चारही त्याला 'माउग्ली' असा हवा होता. आपण 'मोगली'च म्हणणार. गोष्टीतली वैनगंगा मात्र खरी. मध्य प्रदेशातल्या शिवनीहून निघून ती आपल्या भंडारा-गडचिरोलीत येते.

लेकीला एवढं सांगा, की शेरखान वाघच, नाव तेवढं फारसी. मग ती 'शेरास सव्वाशेर'मधला शेर कोणता, हे विचारेल. तो जनावर नव्हे, जुनं वजन आहे. हिंदीत त्याला 'सेर' म्हणतात, आणि पक्का शेर ८० तोळ्यांचा. कुंपणाला लावतात तो चिकाचा शेर आणखी वेगळा.