मला सुतक तरी आहे का?

सकाळी सव्वासहाला फोन वाजला. साताऱ्याहून होता. या बाई घटस्फोटाच्या काळात वर्षभर माझ्याकडे समुपदेशनाला येत होत्या, नंतर येणं थांबलं होतं. (गावं आणि काही तपशील बदलले आहेत. लिहायला परवानगी त्यांनीच दिली.) त्या रडत नव्हत्या. एका दमात म्हणाल्या, "मॅडम, ती गेली. रात्री स्कूटीवर होती. पुण्याहून जुन्या शेजारणीचा फोन आला. दुपारी बारापर्यंत नेणारेत म्हणे. साडेसातची एसटी धरली तर पोचते मी. जाऊ का?"

ती म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या पहिल्या लग्नातली मुलगी. यांचं लग्न झालं तेव्हा ती पाच वर्षांची होती. आईवडील वेगळे झाले होते, आई नागपूरला. आठ वर्षं यांनी तिला वाढवलं. ती यांना आधी मावशी म्हणायची, मग त्याचं 'माऊ' झालं. तीन वर्षांपूर्वी संसार मोडला आणि तोही कडवटपणे, वकिलांच्या नोटिसा, भांड्याकुंड्यांची यादी असं सगळं होऊन. त्यानंतर माऊ आणि मुलीची गाठ पडली नाही. पडू दिली नाही, असं बाई म्हणतात. त्यांच्या नवऱ्याची बाजू मी ऐकलेली नाही.

सोळा वर्षांची मुलगी. पोस्टमॉर्टेम व्हायचं होतं, आई नागपूरहून निघाली होती, म्हणून बारा. नाहीतर आपल्याकडे चार-पाच तासांत सगळं उरकतं. या प्रश्नाचं अवघडपण तिथेच आहे. विचार करायला वेळ नसतो. नवीन साडी घ्यायला आपण दोन दिवस घालवतो आणि हा निर्णय बसस्टँडवर उभं राहून घ्यावा लागतो.

मी त्यांना विचारलं, तुम्ही येताय हे तिथे कुणाला माहीत आहे? कुणालाच नव्हतं. दारात तुम्हाला बघून तिची आई ओरडली तर काय कराल? "ऐकून घेईन." आणि तिच्या वडिलांशी काही बोलायचं आहे?

इथे त्या थांबल्या. मग आवाज बदलला. "विचारायचंय ना. गाडी कुणी दिली तिला? सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात चावी कुणी दिली?"

मला वाटतं त्या सकाळचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं. 'जाऊ का' या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसरा प्रश्न लपलेला असतो. लेकराचं तोंड शेवटचं बघायचं असतं हे खरं. त्याच्या बरोबरीनं कुणाला तरी जाब विचारायचा असतो, किंवा चार लोकांनी बघावं की मीही आई होते, असंही वाटत असतं. यातलं काहीच पाप नाही. पण तिरडीशेजारी जागा फक्त पहिल्या गोष्टीला असते. मी त्यांना म्हटलं, गाडीचा प्रश्न पोलीस विचारणारच आहेत. अल्पवयीन मुलाच्या हातून असं काही घडलं तर २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायदा पालकाला जबाबदार धरतो. तो प्रश्न तुम्ही घेऊन जायची गरज नाही. आज तो घरी ठेवता येईल का?

बराच वेळ काही नाही. मग, "येईल."

मग कुणाला विचारायचं यावर बोललो. नवऱ्याला थेट फोन नको. ज्याचं पोर शवागारात आहे त्या माणसाला निर्णय घ्यायला लावू नये. तिच्या आईचा नंबर यांच्याकडे नव्हता, आणि असता तरी मी नको म्हटलं असतं. अशा वेळी एक मधलं माणूस लागतं. दोन्हीकडे ज्याचा शब्द चालतो, आणि त्या दिवशी घरात चहा-पाणी, गुरुजी, फुलं बघत जे उभं असतं असं. इथे ती मुलीची आत्या होती. फोनवरच आम्ही तिला पाठवायचा मेसेज जुळवला. मी एकच आग्रह धरला, की 'नाही' म्हणणं त्यांना सोपं जावं. तो असा झाला: "ताई, कळलं. मला फक्त लांबून दर्शन घ्यायचं आहे. दादांना आणि तिच्या आईला चालणार असेल तरच येईन. नको म्हणालात तरी माझा राग नाही."

पाऊण तासानं आत्याचा फोन त्यांना आला. "तो काही बोलला नाही गं. ती म्हणाली नको."

आणि त्या गेल्या नाहीत.

मी खोटं सांगणार नाही, मला आतून वाटत होतं की 'ये' म्हणतील. आठ वर्षांच्या वेण्या, शाळेचे डबे, तापातल्या रात्री. पण त्या दिवशीचा शेवटचा शब्द आईवडिलांचाच, असं माझं ठाम मत आहे. ते बरोबर असतात म्हणून नाही. त्या दिवशी त्यांच्या हातात दुसरं काहीच उरलेलं नसतं म्हणून. स्मशानभूमी महापालिकेची असते, पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीच्या दाराशी कुणी नावं तपासत नाही. गर्दीत मागे उभं राहता आलं असतं, आणि पुष्कळ जण तसंच करा म्हणतात. मी नाही म्हणत. विचारल्यावर मिळालेला नकार ओलांडून गेलं की पुढची दारंही बंद होतात. शिवाय लोकांच्या आठवणीत त्या दिवशीची मुलगी राहत नाही, दारातला तमाशा राहतो.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "मॅडम, मला सुतक तरी आहे का?"

घटस्फोट झाला, कुळ सुटलं. शास्त्र काय सांगतं ते गुरुजींना विचारा, मी म्हटलं. आज देवापुढे दिवा लावावासा वाटतोय? "नाही." स्वयंपाक करावासा वाटतोय? "नाही." मग जे आहे ते आहे, कुणी सांगायची गरज नाही.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये या प्रकारच्या दुःखाची नीट मांडणी केली. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही, ज्यासाठी कुणी भेटायला येत नाही, रजा मिळत नाही, असं दुःख. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याच्या दाराशी चपला जमत नाहीत असं. घटस्फोटानंतरचे सावत्र आईवडील यात नेमके बसतात. कायद्यातही त्यांना जागा नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक सांगताना स्पष्टच लिहिलं आहे की आई-वडील या शब्दांत सावत्र आई, सावत्र वडील येत नाहीत. आणि आपल्या गोष्टींमधली सावत्र आई तर राजकन्येला छळण्यासाठीच जन्माला आलेली. मग या बाईनं आपलं दुःख कोणत्या नात्यानं सांगायचं? शाळेत शिक्षिका आहेत त्या. त्या दिवशी रजेच्या अर्जावर त्यांनी 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं.

त्या दिवशी भावानं त्यांना मोटारसायकलवरून संगम माहुलीला नेलं. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, घाटाच्या पायऱ्यांवर अकरापासून दीडपर्यंत त्या बसून होत्या. हे मी सुचवलेलं नव्हतं. बारा वाजता पाण्यात उतरून उभ्या राहिल्या, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

हाच प्रश्न पलीकडच्या बाजूनंही माझ्याकडे येतो. पोर गमावलेली आई विचारते, त्याला येऊ द्यायचं का? एका आईचा दुसरा नवरा मुलाला पट्ट्यानं मारायचा. तिला मी क्षणभरही थांबवलं नाही. मारहाण झालेली असेल, नको तो स्पर्श झालेला असेल, दारू पिऊन येण्याची खात्री असेल, तर नाही म्हणजे नाही. दोन खमके नातेवाईक दारापाशी उभे करा, धमकी आली असेल तर पोलीस ठाण्यात आधीच कळवून ठेवा. तिथे मन मोठं करण्याचा प्रश्नच येत नाही.

पण भांडण फक्त मोठ्यांचं असेल, पैशांचं, सासू-सुनेचं, दुसऱ्या बाईचं, तर मी त्या आईला म्हणते की तुमच्या नजरेनं एकदा बघून झालं, आता लेकराच्या नजरेनं बघा. ते या माणसाला काय म्हणून हाक मारायचं? त्याच्यासाठी कधी रडलं होतं का? घरात मागे राहिलेलं भावंड असेल तर त्याला विचारा. कित्येकदा त्यालाच तो माणूस हवा असतो आणि त्याला कुणी विचारतच नाही. यायला हो म्हणालात तर आधी ठरवून टाका: घरी दर्शनाला की थेट स्मशानात, खांदा द्यायचा की नाही, किती वेळ, सोबत कोण. आणि नाहीच म्हणायचं असेल तर 'तुझा काय संबंध' असं म्हणू नका. ते वाक्य ऐकणारा जन्मभर विसरत नाही, आणि बोलणाऱ्यालाही पुढे ते गिळता येत नाही. 'आज नको, आम्हाला झेपणार नाही' एवढं पुरतं. या मुलीच्या आत्यानं नेमकं तसंच केलं होतं. नकार कळवून झाल्यावर म्हणाली होती, "मी फोन करीन तुला."

तिनं केला. आठव्या दिवशी.

त्या आठ दिवसांत बाई माझ्याशी दोनदा फोनवर बोलल्या. झोप नव्हती. मध्यरात्रीसाठी मी त्यांना टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देऊन ठेवला होता. सरकारी, मोफत, चोवीस तास चालणारा, मराठीतही बोलतात. एका रात्री तीन वाजता त्यांनी तो लावला. समोरची मुलगी काही फार बोलली नाही, ऐकत राहिली, आणि तेच हवं होतं असं म्हणाल्या.

तर आत्याचा फोन. परवा दहावा आहे, पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर. पिंडाबरोबर पानावर काय ठेवायचं यावरून घरात अडलंय. तिच्या आईला आठवतंय ते चार-पाच वर्षांच्या मुलीचं, दूधभात साखर घालून. वडील म्हणतात, खायची सगळं. "ती म्हणतेय, तिला विचारा," आत्या म्हणाली. तिला म्हणजे माऊला. नाव न घेता, पण विचारा.

बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला. गोड नको म्हणून सांगा, असं त्या आत्याला म्हणाल्या. गोड तिला आवडायचंच नाही. चिकू तर बिलकुल नको, उलटी व्हायची. ज्वारीची भाकरी, पण ताजी नाही, तव्यावर कडक केलेली. आणि शेंगदाण्याची चटणी, मिक्सरमधली नाही, खलबत्त्यातली, लसूण जास्त. तेल घालायचं नाही, दही घालायचं. दही ती स्वतः कालवायची, बोटानं, आणि ते बोट आधी चाटायची.

आत्यानं पलीकडे कुणाला तरी हे सांगितल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "चटणी तूच करून पाठवशील का?"

नवव्या दिवशी रात्री त्यांनी चटणी कुटली. नऊ दिवसांत चुलीपाशी गेल्या नव्हत्या. घरात कुणी बोललं नाही. खलबत्त्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो, तरी खालूनही कुणी आलं नाही. पहाटेच्या एसटीनं भाऊ स्टीलचा छोटा डबा घेऊन पुण्याला गेला आणि घाटावर आत्याच्या हातात देऊन परत आला. तो थांबला नाही, तसं त्याला सांगितलंच होतं.

पुढच्या आठवड्यात त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. कावळा शिवला का, हे त्यांनी आत्याला विचारलेलं नव्हतं. मीही विचारलं नाही. डबा परत आला का, एवढं विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे तिकडेच."