गिअरबॉक्स उघडण्याआधी पंचनामा करून घ्या

प्रश्न : आम्ही कराडला राहतो. सव्वातीन वर्षांपूर्वी ११ लाख ४० हजारांची सीव्हीटी (कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन) ऑटोमॅटिक गाडी घेतली. गाडी यजमानांच्या नावावर आहे, शाळेला जायला मी वापरते. वेगळे पैसे भरून पाच वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली. ३१,४०० किलोमीटरला गाडी ३०-४० च्या स्पीडला थरथरू लागली. कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट करून ‘नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवलं. पुढे ३६,००० ला ओळखीच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. मे महिन्यात कुंभार्ली घाट चढताना इंजिन नुसतंच ओरडू लागलं, गाडी पुढे सरकेना. मागे ट्रक, गाडीत सासूबाई आणि मुलं. टो करून गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. आता ते म्हणतात, गिअरबॉक्स पूर्ण बदलायचा, खर्च २ लाख ९० हजार. बाहेर ऑइल बदललं म्हणून वॉरंटी बाद, तसं ९ जूनचं ई-मेलही आलं आहे. वर रोजचे ३०० रुपये पार्किंग मागतात. केस केली तर नवी गाडी मिळेल का? अमेरिकेत अशा गाड्यांना दहा वर्षांची वॉरंटी दिल्याचं ऐकलं. ते आम्हाला लागू होतं का? — एक शिक्षिका

उत्तर : ताई, आधी तातडीचं सांगतो. सर्व्हिस सेंटरला आजच ई-मेल करा : ‘आमच्या लेखी परवानगीशिवाय गिअरबॉक्स उघडू नये, त्यातलं ऑइल काढू नये, बॅटरी सोडवू नये आणि फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड) पुसू नयेत.’ कंपनीच्या ग्राहक सेवा विभागालाही त्याची प्रत पाठवा. ग्राहक आयोगात तारखा पडायच्या तेव्हा पडतील, पण तुमचं प्रकरण ठरणार आहे ते गाडी आत्ता उभी आहे त्या वर्कशॉपमध्ये. गिअरबॉक्स उतरवून भंगारात किंवा कंपनीकडे परत गेला, तर दोष कुणाचा हे सांगणारी वस्तूच हातात राहत नाही. अशा किती तरी तक्रारी निव्वळ पुराव्याअभावी फेटाळल्या जातात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांतले बरेच ग्राहक खरे असतात.

सीव्हीटीचं काम कसं चालतं ते थोडक्यात समजून घ्या, कारण सगळा वाद त्यातच आहे. या गिअरबॉक्समध्ये नेहमीचे दातेरी गिअर नसतात. दोन शंकूच्या आकाराच्या पुली आणि त्यांच्यामधून फिरणारा, शेकडो पातळ पोलादी पट्ट्यांचा बेल्ट असतो. पुली आवळायची किती आणि सैल सोडायची किती, हे ऑइलच्या दाबावर ठरतं. तो दाब व्हॉल्व बॉडी (ऑइलच्या वाटा उघडणारा-मिटणारा भाग) आणि तिच्यावरचे सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व) सांभाळतात. दाब कमी पडला की बेल्ट घसरतो, पुलीचा गुळगुळीत पृष्ठभाग खरवडला जातो, लोखंडाची पूड ऑइलमध्ये उतरते, ती व्हॉल्व बॉडीत अडकते आणि दाब आणखी कमी होतो. एकदा हे चक्र सुरू झालं की थरथर, भणभणाट आणि शेवटी घाटात झालं ते.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की चक्र सुरू कशाने झालं. कंपनी म्हणणार, बाहेरच्या चुकीच्या ऑइलने. तुम्ही म्हणणार, आधीच असलेल्या दोषाने. आणि इथे तुमच्या हातात एक भक्कम कागद आहे. तुम्ही पाठवलेल्या जॉब कार्डच्या फोटोत ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं आहे : ‘३० ते ४० च्या स्पीडला गाडी थरथरते’. खाली किलोमीटर ३१,४००, सर्व्हिस ॲडव्हायझरची सही आणि शेरा ‘सॉफ्टवेअर अपडेट केले, नॉर्मल’. बाहेर ऑइल बदललं ते ३६,००० ला. आजार आधीचा आहे, औषध नंतरचं. हे जॉब कार्ड लॅमिनेट मात्र करू नका. मूळ प्रत तशीच जपून ठेवा, आयोगात मूळ प्रत मागितली जाऊ शकते.

आता तुमची दुबळी बाजू. गॅरेजच्या बिलावर नुसतं ‘ट्रान्समिशन ऑइल’ लिहिलं आहे. सीव्हीटीला तिचं स्वतःचं ऑइल लागतं. साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, त्यात घातलं तर पोलादाची पोलादावर जी पकड हवी ती बसत नाही आणि बेल्ट घसरू शकतो. गॅरेजवाल्याने एटीएफ घातलं असेल तर तुमची केस बरीच ढिली होते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्याला भेटा. कोणत्या कंपनीचं, कोणत्या ग्रेडचं, किती लिटर ऑइल घातलं ते त्याच्या लेटरहेडवर लिहून घ्या. खरेदीचं बिल किंवा रिकामा डबा मिळाला तर उत्तमच. ओळखीचा माणूस आहे म्हणून संकोच करू नका, यात त्याच्यावर आरोप नाही.

पुढचं काम सर्व्हिस सेंटरमध्ये. तारीख ठरवून दोघं जा, जमलं तर सीव्हीटीचं काम येणारा एखादा स्वतंत्र मेकॅनिकही बरोबर घ्या. स्कॅनर लावून सगळे फॉल्ट कोड समोर वाचून घ्या आणि त्याचा छापील अहवाल मागा. नुसता कोड पुरत नाही, फ्रीझ फ्रेमही हवी, म्हणजे कोड आला त्या क्षणी वेग, ऑइलचं तापमान, इंजिनचे फेरे किती होते त्याची नोंद. पी ०७४६ हा दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडचा कोड आहे, पी ०८६८ ऑइलचा दाब कमी असल्याचा. असे कोड निघाले तर ‘पूर्ण गिअरबॉक्स बदला’ या सल्ल्यावर प्रश्न विचारायला जागा आहे. दोष व्हॉल्व बॉडीत, सोलेनॉइडमध्ये, एखाद्या स्पीड सेन्सरमध्ये किंवा वायरिंगच्या कनेक्टरमध्येही असू शकतो आणि या कामांचा खर्च पूर्ण गिअरबॉक्सपेक्षा पुष्कळ कमी असतो. त्यांना लेखी विचारा : लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब) मोजलं का? आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) किती आलं, लोडवर (इंजिनवर ताण असताना) किती, मॅन्युअलप्रमाणे किती हवं? गिअरबॉक्सखालचा पॅन उघडला का, त्यातल्या चुंबकावर लोखंडाची पूड किती होती, फोटो कुठे आहे? ९ जूनच्या ई-मेलमध्ये यातलं काहीच नाही. २ लाख ९० हजारांचा आकडा आहे, निदान नाही. निदान न करता पूर्ण भाग बदलायला सांगणं ही माझ्या मते सेवेतली त्रुटीच आहे, आणि तक्रारीत तो मुद्दा स्वतंत्र मांडा.

गिअरबॉक्समधलं आत्ताचं ऑइल दोन स्वच्छ बाटल्यांत दोन्ही बाजूंच्या समोर घ्या, बाटल्या सील करा, दोन्ही बाजूंच्या सह्या, तारीख, किलोमीटर. एक बाटली तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. ऑइल कुठल्या प्रकारचं आणि त्यात लोखंड किती, हे पुढे प्रयोगशाळेत कळू शकतं. नमुना द्यायला त्यांनी नकार दिला तर तो नकार त्याच दिवशी ई-मेलने नोंदवा. सगळ्याचं मोबाइलवर चित्रण करा आणि तो मोबाइल विकू किंवा फॉरमॅट करू नका. चित्रण दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांना कोर्टाइतकं घट्ट धरत नाही, पण समोरच्या वकिलाला हरकतीची संधी कशाला द्यायची?

आता कायदा. ‘बाहेर ऑइल बदललं म्हणून सगळी वॉरंटी बाद’ हे सरसकट चालत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात हेच म्हटलं आहे : ग्राहक स्वतंत्र गॅरेजमध्ये गेला एवढ्यावरून वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हा आदेश स्पर्धा कायद्याखालचा आहे आणि कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. म्हणून तो ब्रह्मास्त्र समजू नका, आधार म्हणून जोडा. मुख्य मुद्दा साधा आहे. वॉरंटीतल्या अपवादाचा फायदा ज्याला घ्यायचा, त्याने तो अपवाद लागू होतो हे दाखवायचं. बाहेरच्या ऑइलमुळेच गिअरबॉक्स गेला, हे त्यांनी सिद्ध करावं. वाढीव वॉरंटीचं पुस्तक नीट उघडून ती कुणी दिली आहे ते पाहा. पुष्कळदा ती गाडीच्या कंपनीची नसून वेगळ्याच कंपनीची किंवा विमा कंपनीची असते. तसं असेल तर तिलाही पक्षकार करा.

डीलर (म्हणजे इथे सर्व्हिस सेंटर) आणि उत्पादक या दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते) करा आणि कुणी काय केलं ते वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ च्या मॉडेलचे पैसे घेऊन डीलरने २००९ ची वापरलेली गाडी दिली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केलं, कारण डीलर आणि उत्पादक हे स्वतंत्र व्यापारी होते आणि डीलरच्या कृत्याची उत्पादकाला माहिती असल्याचा पुरावा नव्हता. तुमच्याकडे थरथर ‘नॉर्मल’ ठरवली ती डीलरने. गिअरबॉक्स उत्पादकाचा, वॉरंटी ती देणाऱ्याची. ही विभागणी मसुद्यात स्वच्छ हवी.

नवी गाडी? मागू नका. २००६ साली मारुती उद्योगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. २०१० मध्ये फियाटच्या प्रकरणातही, स्वतंत्र तज्ज्ञाने मूळ उत्पादनातला दोष आहे असं सांगितलं तरच किंमत परत, अशी भूमिका घेतली. गाडी तीन वर्षं चालली आहे. अवाजवी मागणीमुळे वाजवी मागणीवरचाही विश्वास कमी होतो, असा माझा अनुभव आहे. मागा ते हे : गिअरबॉक्सची मोफत दुरुस्ती किंवा बदली, बदललेल्या भागावर नव्याने वॉरंटी, टोइंगचा आणि या काळातल्या प्रवासाचा पावत्यांसह खर्च, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. बदललेला गिअरबॉक्सही तसाच वागू लागला, तर पैसे परत मागायला तेव्हा खरी जागा मिळेल.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात होईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. दिलेली किंमत ५० लाखांच्या आत असल्याने प्रकरण जिल्हा आयोगाचं, आणि १० ते २० लाखांच्या टप्प्याला फी ४०० रुपये. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येतं. तक्रारदार म्हणून यजमानांचं नाव घाला, गाडी त्यांची आहे. मालकाच्या संमतीने वापरणाराही कायद्यात ग्राहकच आहे, म्हणून दुसऱ्या तक्रारदार तुम्ही. त्याआधी १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने आणि ई-मेलने द्या.

तक्रारीसोबतच दोन अर्ज द्या. पहिला कलम ३८ खाली, तज्ज्ञाकडून किंवा प्रयोगशाळेकडून तपासणीसाठी. तुमच्या कराडमध्येच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथल्या मेकॅनिकल विभागातला तज्ज्ञ नेमावा अशी विनंती करा. आरटीओच्या निरीक्षकाचा अहवाल अनेक जण आणतात, पण तो गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे का ते सांगतो, पुली का खरवडली ते सांगत नाही. दुसरा अर्ज अंतरिम आदेशाचा : निकालापर्यंत जुना गिअरबॉक्स आणि ऑइलचा नमुना जपून ठेवावा. सामनेवाल्यांना उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापलीकडे मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, त्याची तयारी ठेवा.

तोवर गाडीवाचून शाळेची अडचण होते हे मला कळतं. तपासणी आणि नमुने झाल्यावर तुम्ही स्वखर्चाने दुरुस्ती करून घेऊ शकता. मात्र जॉब कार्डावर आणि बिलावर ‘हक्क राखून, निषेधासह रक्कम भरली’ असं लिहा आणि जुना भाग त्यांच्याकडे सोडू नका. कंपनी मध्येच ‘गुडविल’ म्हणून भागाच्या किमतीत सवलत देऊ करील. आकडा पटला तर जरूर घ्या, मध्यस्थीची सोय आयोगातही आहे. पण मजुरी, ऑइल आणि कर त्यात धरले आहेत का हे पाहिल्याशिवाय ‘सर्व दावे मिटले’ अशा कागदावर सही करू नका.

पार्किंगचे ३०० रुपये देऊ नका. भारतीय करार कायद्याचं कलम १७० कारागिराला वस्तू अडवून ठेवायचा हक्क देतं, पण तो वस्तूवर केलेल्या श्रमाच्या किंवा कौशल्याच्या मोबदल्यापुरता. नुसती जागा अडल्याचं भाडं त्यात बसत नाही. आधी लेखी ठरलेलं नसेल तर ही मागणी कशाच्या आधारावर करता, एवढंच ई-मेलने विचारा.

अमेरिकेचं तुम्ही ऐकलं ते खरं आहे. निसानने तिथल्या २००३ ते २०१० च्या मॉडेलांसाठी सीव्हीटीची वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली होती. तुमची गाडी वेगळ्या कंपनीची आहे आणि तिकडची वॉरंटी इथे लागू होत नाही, म्हणून त्याचा उल्लेख तक्रारीत नको. त्याऐवजी इथलं एक काम करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० अ नुसार, प्रवाशांना धोका होईल असा दोष ठरावीक प्रमाणात मालकांनी कळवला तर सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. तुमची गाडी सात वर्षांच्या आतली आहे, तेव्हा सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर घाटातला प्रसंग नोंदवा. त्याने तुमचा गिअरबॉक्स बदलून मिळणार नाही, पण तुमच्यासारख्या दुसऱ्या कुणाची गाडी घाटात बंद पडली असेल, तर दोन्ही नोंदी एका जागी येतील.

तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची आहे. ती ९ जूनच्या नकारापासून मोजली जाईल, असं आपण म्हणू. समोरचे ती पहिल्या जॉब कार्डच्या तारखेपासून मोजायला पाहतील. कुठूनही मोजली तरी मुदतीच्या आत राहायचं, म्हणून नोटिशीचे १५ दिवस संपले की लगेच तक्रार दाखल करा.