कोर्ट सोडून कंपनीत लीगलला जावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात सिनियरकडे दोन वर्षं प्रॅक्टिस झाली, आता एका कंपनीत लीगल मॅनेजरची ऑफर आहे, तिथे दिवसभर ॲग्रीमेंटच तपासायची असतात का आणि कोर्ट सोडल्याचा पस्तावा होईल का. मी आधी शिवाजीनगर कोर्टात होते आणि गेली १७ वर्षं चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीत लीगल बघते, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं सांगू शकते.

मी आले तेव्हा लीगल म्हणजे चेक बाऊन्सच्या १३८ च्या केसेस, लेबर कोर्टाच्या तारखा, स्टॅम्प पेपर आणि बाहेरच्या वकिलांची बिलं. ॲग्रीमेंट माझ्याकडे यायचं ते सही झाल्यावर, फाईलला लावायला. एकदा सेल्सने परदेशातल्या एका कस्टमरबरोबर करार केला, माल खराब निघाला तर भरपाई किती याला वरची मर्यादाच घातलेली नव्हती आणि नेमकी पुढे एका लॉटमध्ये गडबड निघाली. रात्री अकराला फोन, मॅडम यातून बाहेर कसं पडायचं? सही तर होऊन गेलेली, दीड वर्ष बोलणी करून कसंबसं मिटवलं. त्यानंतर एमडींनी सांगितलं की कोटेशन जायच्या आधीच लीगलने बघायचं, आणि माझं काम खरं तिथून बदललं.

आता लोक कलम कुठलं लागतं हे विचारायला येत नाहीत, हे करू की नको ते विचारतात. पर्चेसवाल्यांबरोबर बसते कारण छोट्या व्हेंडरचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, मार्चअखेर मुदत उलटलेलं बिल तसंच राहिलं तर इन्कम टॅक्सच्या नियमामुळे तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. एचआरबरोबर बसते कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्याला, आता एक वर्षावरही ग्रॅच्युइटी आहे, सगळी अपॉइंटमेंट लेटर्स परत बघावी लागली. आयटीबरोबर डेटा प्रोटेक्शन कायद्याचं काम चालू आहे, दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो आणि आमच्या कामगारांचे आधार नंबर, बँक डिटेल्स कुठकुठल्या व्हेंडरकडे पडलेत हे आधी कुणालाच धड माहीत नव्हतं. हे काम मला मनापासून आवडतं, कारण भांडण व्हायच्या आधीच आपण तिथे असतो.

पण एक गोष्ट मला फार लागते आणि ती तुम्हाला आधीच कळलेली बरी. पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, सस्पेंड करायला लागते, कंपनीची केस असली तरी तुम्ही वकील म्हणून उभे राहू शकत नाही. ते एकवेळ चालेल. पण ३१ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम १३२ मध्ये जी गुप्तता आहे ती इन-हाऊसवाल्यांना, म्हणजे कंपनीत पगारावर असलेल्यांना, नाही. म्हणजे कंपनीने बाहेरच्या वकिलाचा सल्ला घेतला तर त्याला त्याच कायद्याच्या कलम १३४ चं संरक्षण आहे, पण मी एमडींना जो मेल लिहिते त्याला नाही. जबाबदारी एवढी वाढली आणि संरक्षण मात्र वाढलं नाही हे मला चुकीचं वाटतं, कायदा बदलायला हवा. तोपर्यंत मी नाजूक विषय मेलवर लिहीतच नाही, आधी समोरासमोर बोलते आणि लेखी ओपिनियन बाहेरच्या वकिलांकडून घेते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून हीच सवय लावा.

जज व्हायचं डोक्यात असेल तर मात्र थांबा. सुप्रीम कोर्टाच्या मे २०२५ च्या निकालानंतर सिव्हिल जजच्या परीक्षेला तीन वर्षांची प्रॅक्टिस लागते, तुमची दोनच झालीत, एक वर्ष अजून काढा. तसं काही नसेल तर इंटरव्ह्यूमध्ये दोन गोष्टी नक्की विचारा. लीगल कुणाला रिपोर्ट करतं, एमडीला की फायनान्सला? आणि मागच्या महिन्यात किती करार सहीच्या आधी लीगलकडे आले? दुसऱ्यावर नीट उत्तर मिळालं नाही तर पगार कितीही असो, मी तरी जाणार नाही.