टीबीविरुद्ध शरीर अँटीबॉडी बनवतं, मग रक्ताच्या आयजीजी-आयजीएम (अँटीबॉडीचे दोन प्रकार) चाचणीवरून निदान का करत नाहीत?

अँटीबॉडी बनतात, पण प्रत्येक रुग्णात वेगवेगळ्या प्रथिनांविरुद्ध, आणि सगळं अडतं ते इथेच. टीबीच्या जंतूत जवळपास 4000 प्रथिनं आहेत. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती जवळजवळ सगळी चिपवर बसवून त्यावर शेकडो लोकांचं सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) तपासलं. साधारण दहा टक्के प्रथिनांना अँटीबॉडी चिकटल्या, पण सक्रिय टीबीशी संबंध लागला तो जेमतेम अर्ध्या टक्क्याचा.

चाचण्यांत सर्रास वापरलेलं 38 किलोडाल्टनचं (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) प्रथिन घ्या. त्याविरुद्धच्या अँटीबॉडी चांगल्या वाढतात त्या आजार पसरलेल्या, थुंकीत जंतू दिसणाऱ्या रुग्णांत. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली निदान होतंच, तिथे ही चाचणी चालते. लहान मुलं आणि एचआयव्हीबाधित, ज्यांना तिची खरी गरज, त्यांच्यात ती कमी पडते. 16 किलोडाल्टनचं प्रथिन तर ऑक्सिजन कमी पडून सुप्त झालेला जंतूच जास्त बनवतो. त्यामुळे त्याच्या अँटीबॉडी नुसता संसर्ग असलेल्या धडधाकट माणसातही सापडतात. चार-पाच प्रथिनं एकत्र केली की जास्त रुग्ण सापडतात हे खरं, पण प्रत्येकाचे खोटे पॉझिटिव्हही सोबत जमा होतात.

प्रयोगशाळेतही दोन जागी हमखास घसरायला होतं. ही प्रथिनं बहुधा ई. कोलाय जंतूत तयार करतात. शुद्धीकरणात त्याचा अंश राहिला तर आपल्या रक्तातल्या ई. कोलायविरुद्धच्या अँटीबॉडी त्याला चिकटतात आणि एलायझाच्या (अँटीबॉडी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर 450 नॅनोमीटरला रीडिंग चढतं. यावर उपाय म्हणजे पातळ केलेलं सीरम (समजा 1:100) आधी ई. कोलायच्या अर्कासोबत ठेवायचं आणि प्लेटवरच्या प्रथिन न लावलेल्या खळग्याचं (वेल) रीडिंग वजा करायचं. दुसरी जागा कट-ऑफची, म्हणजे ज्याच्या वर रीडिंग गेलं की पॉझिटिव्ह धरतात त्या आकड्याची. निरोगी लोकांची सरासरी अधिक दोन किंवा तीन प्रमाण विचलन, असा तो काढतात. हे निरोगी लोक टीबी क्वचित असलेल्या देशातले घेतले, तर तो कट-ऑफ भारतात फार खाली पडतो. इथे अनेकांना संसर्ग होऊन गेलेला असतो, शिवाय बीसीजीची लस आणि माती-पाण्यातले मायकोबॅक्टेरिया (टीबीच्या जंतूचे भाऊबंद) आहेतच.

हिशोब करून बघा. 1000 संशयितांत 50 जणांना टीबी आहे आणि चाचणी 70 टक्के रुग्ण पकडते, 80 टक्के निरोगी बरोबर ओळखते असं धरा. खरे 35 सापडतील, खोटे 190. या 190 जणांना सहा महिने विनाकारण औषधं, आणि सुटलेले 15 घरात खोकत राहणार. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये सक्रिय टीबीच्या निदानासाठी या चाचण्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि भारत सरकारने 2012 मध्ये त्यांवर बंदी घातली.

क्वांटिफेरॉन ही रक्तचाचणी वेगळी. ती अँटीबॉडी नव्हे, टी-पेशींचा प्रतिसाद मोजते. तिच्यावरून संसर्ग कळतो, आजार नाही.

तेव्हा तुमच्या हातात आयजीएम पॉझिटिव्ह असा रिपोर्ट असेल तर त्यावर औषध सुरू करू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात छातीचा एक्स-रे आणि थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) मोफत होते. नमुना सकाळी उठल्याउठल्या, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला हवा, किमान 2 मिली. नुसती लाळ दिली तर चांगल्या यंत्रावरही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.